दिवसाला एकच गोष्ट : दोर्दोन्यमधले आठ दिवस

माझा भाऊ गेली अकरा वर्षे नैर्ऋत्य फ्रान्समधल्या तुलूझला विमानांच्या उद्योगात नोकरी करतो आणि दरवर्षी आम्हाला बोलावतो. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५च्या मे महिन्यात, आम्ही जायचे नक्की केले तेव्हा माझ्या नवऱ्याने पुण्यात बसून पॅरिस, स्वित्झर्लंड, परतीच्या वाटेवर रोम असा बारा दिवसांचा तक्ता तयार केला होता. दादाने फोनवर तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाला, "आईच्या गुडघ्यांना विचारलंस का?" त्यानंतर त्यानेच परस्पर दोर्दोन्य भागातल्या सार्ला गावाजवळच्या एका वाडीतले जुने दगडी घर एका आठवड्यासाठी घेतले आणि एक अट घातली. दिवसाला एकच गोष्ट पाहायची, आणि तीही जमली नाही तर हळहळायचे नाही. आम्ही सात जण होतो : बहात्तर वर्षांची आई, दादा, वहिनी, त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा, मी, माझा नवरा आणि आमची सातवीतली मुलगी.

शनिवार, २४ मे

तुलूझहून ए-२० महामार्गाने उत्तरेला निघालो की काऑर मागे पडते आणि सुयाकला महामार्ग सोडून दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यात उतरता येते. अंतर सारे दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण सुयाकनंतरचा रस्ता इतका वळणांचा आणि अरुंद होता की, समोरून ट्रॅक्टर आला की दोघांपैकी एकाने गवतात चाक घालावे लागे. या भागाचे जुने नाव पेरिगॉर. पर्यटनाच्या नकाशांवर त्याचे हिरवा, पांढरा, जांभळा आणि काळा असे चार तुकडे दाखवतात. आमचा तुकडा काळा, कारण इथल्या ओकच्या रानांची पाने फार गडद असतात. वाटेत सुयाक, वित्राक, बेनाक अशा पाट्या सारख्या दिसू लागल्या तेव्हा मुलीने विचारले की इथे प्रत्येक गावाला 'आक' का लावतात. रोमन काळात जमिनीच्या मालकाच्या नावापुढे लावलेल्या एका प्रत्ययाचे ते उरलेले रूप आहे, म्हणजे अमक्याची जमीन, तमक्याचे शेत, असे दादाने सांगितले. आई मागून म्हणाली, "म्हणजे आपलं पाटीलवाडी, जोशीवाडी."

अशा ग्रामीण भाड्याच्या घराला फ्रेंचमध्ये 'जीत' म्हणतात. खेड्यांतली ओस पडू लागलेली घरे दुरुस्त करून शहरातल्या कुटुंबांना आठवड्याच्या हिशेबाने द्यायची ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रुजली आणि १९५५मध्ये अशा घरांचा देशव्यापी महासंघच उभा राहिला. व्यवहार बहुधा शनिवार ते शनिवार असतो. आमचे घर म्हणजे पूर्वीचा गोठा होता. भिंती हातभर जाड होत्या आणि छप्पर पातळ चुनखडी दगडांच्या थरांचे होते. या फरशांना 'लोज' म्हणतात. त्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून केवळ स्वतःच्या वजनाने जागेवर राहतात आणि ते प्रचंड वजन पेलण्यासाठी आतला लाकडी सांगाडा उलट्या होडीसारखा घडवलेला असतो. नवरा पहिला अर्धा तास मान वर करून तो सांगाडाच बघत राहिला. समोर अंगण, अंगणापलीकडे अक्रोडाची बाग आणि बागेच्या टोकाला मालकीणबाईंचे घर. वयाने त्या आईच्याच आसपासच्या असाव्यात. किल्ली देताना त्यांनी भाच्याशी भराभर काहीतरी बोलून घेतले आणि त्याने भाषांतर केले, "बोअरचं पाणी झाडांना, नळाचं प्यायला, आणि मांजराला काहीही द्यायचं नाही, ते नाटक करतं."

रात्री साडेनऊ वाजून गेले तरी उजेड होता. दिवेलागण झाली नाही तर जेवायचे कधी, या प्रश्नाने आई थोडी अस्वस्थ झाली आणि शेवटी भर उजेडात देवापुढे निरांजन लावून तिने तो सोडवला.

रविवार, २५ मे

सकाळी कुठल्याशा झाडावरून 'कुक्-कू' असा स्पष्ट, दोन सुरांचा आवाज येऊ लागला. आईने तो कोकिळ म्हणून ओळखला, पण आपल्या कोकिळाचा चढत जाणारा सूर त्याला नव्हता. तो युरोपातला कुकू होता, त्याच कुळातला आणि दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणाराच. फ्रेंच लोक याच 'कुकू' शब्दाने एकमेकांना लाडाने हाकही मारतात, हे भाच्याने सांगितल्यापासून आईने रोज सकाळी त्या पक्ष्याला उलट 'कुकू' म्हणायला सुरुवात केली.

दादा आणि मी पाव आणायला जवळच्या गावात गेलो तर बेकरीसमोर रांग रस्त्यापर्यंत आली होती. फ्रान्समध्ये मे महिन्यातला शेवटचा रविवार बहुधा मातृदिन असतो, आणि रांगेतला प्रत्येक पुरुष एका हातात लांब पाव आणि दुसऱ्या हातात दोरीने बांधलेला केकचा खोका घेऊन बाहेर पडत होता. आम्हीही अक्रोडाचा केक घेतला. आई कट्टर शाकाहारी आहे, पण केकमधले अंडे दिसत नाही म्हणून ते तिला चालते. या नियमामागचे शास्त्र आम्ही लहानपणापासून विचारलेले नाही.

त्या दिवशी आम्ही दुसरे काहीही पाहिले नाही. नवऱ्याने दोनदा गाडीची किल्ली हातात घेतली आणि दोनदा जागेवर ठेवली. जेवण अंगणातल्या लांब टेबलावर झाले. वरणभात, बटाट्याची काचऱ्यांची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि तो केक. जेवणे उरकली तरी कोणी उठले नाही. दुपारी चारच्या सुमारास पाहिले तर सगळे खुर्च्यांतच झोपले होते, आणि नाटक करणारे मांजर ताकाच्या भांड्याशी बसले होते.

सोमवार, २६ मे

इथल्या व्यवहाराचे दोन धडे आज एकदम मिळाले. पहिला असा की रविवारी सकाळी उघडी असणारी बेकरी सोमवारी बहुधा बंद असते. दुसरा असा की दुपारी बारा ते दोन या वेळात खेड्यातले दुकान, पोस्ट, नगरपालिका यांपैकी काहीही उघडे नसते. पुण्याच्या माणसाला दुपारच्या झोपेबद्दल कोणी शिकवावे अशी वेळ क्वचित येते. नवऱ्याला मात्र इथे फार आपलेपणा वाटला. पाव नव्हता म्हणून आईने पोळ्या केल्या. पोळपाट नव्हता, म्हणून ओट्यावरच लाटल्या, आणि लाटण्याच्या जागी वाइनची रिकामी बाटली आली.

पोळ्यांच्या वासाने असेल किंवा कुतूहलाने असेल, मालकीणबाई दाराशी आल्या. त्यांच्या हातात पांढऱ्या मातीचे, निळ्या काठाचे भांडे होते आणि त्यात अक्रोड होते. मग त्यांनी आम्हाला बागेतून फिरवले. अक्रोडाची झाडे एकमेकांपासून खूप लांब, अगदी ओळीत लावलेली असतात, त्यांच्या सावलीत गवत कापलेले असते, आणि मे महिन्यात फळे जेमतेम बोराएवढी, हिरवी असतात. पेरिगॉरच्या अक्रोडाला २००२मध्ये उगमनिदर्शक मानांकन मिळाले, तसे ते आपल्या रत्नागिरी-देवगडच्या हापूसलाही आहे. अक्रोडाचे मानांकन ग्रांजां, मार्बो, कॉर्न आणि फ्रांकेत या पारंपरिक जातींना लागू आहे. पूर्वी हिवाळ्याच्या रात्री शेजारच्या बायका एकत्र जमत, मांडीवर दगड किंवा फळी घेऊन लाकडी हातोडीने अक्रोड फोडत आणि गर अखंड निघाला तर त्याला चांगला भाव मिळे. मालकीणबाईंनी आपल्या आईची ती हातोडी आणून दाखवली. पकडीच्या जागी लाकूड गुळगुळीत झाले होते. आईने ती हातात घेऊन एक अक्रोड फोडला, गर अखंड निघाला, आणि त्या दोघींना त्या क्षणापासून दुभाष्याची गरज उरली नाही असे मला वाटले. भाच्यालाही तसेच वाटले असावे, कारण तो लगेच खेळायला पळाला.

संध्याकाळी ते निळ्या काठाचे भांडे परत करण्याची वेळ आली. आमच्या घरी शेजाऱ्यांचे भांडे रिकामे परत करीत नाहीत. आईने त्यांच्याच अक्रोडात लसूण, लाल तिखट, मीठ आणि सामानातून आणलेले थोडे सुके खोबरे घालून चटणी कुटली आणि त्या भांड्यात भरून पाठवली. तिखट बेताचेच घातले आहे, असे ती म्हणाली. तिच्या बेताचा अनुभव असल्यामुळे मी भाच्याकडून सोबत एक सावधगिरीचा निरोपही पाठवला.

मंगळवार, २७ मे

सकाळी भांडे दारात हजर होते, स्ट्रॉबेरींनी भरलेले. चटणीबद्दल निरोप असा होता की ती फार चांगली आहे आणि मालकीणबाईंनी रात्री तीन पेले पाणी प्यायले.

आजची एकच गोष्ट होती लास्कोची गुहा. वेझेर नदीकाठच्या मोंतिन्याक गावावरच्या टेकडीत १२ सप्टेंबर १९४० रोजी मार्सेल राविदा हा अठरा वर्षांचा मुलगा आपल्या तीन मित्रांबरोबर एका भोकातून खाली उतरला आणि दिव्याच्या उजेडात त्यांना छतावर धावणारे घोडे आणि बैल दिसले. ही चित्रे सुमारे सतरा ते एकवीस हजार वर्षांपूर्वीची मानतात. १९४८मध्ये गुहा लोकांसाठी खुली झाली, आणि रोज शेकडो माणसांच्या श्वासातला कर्बवायू, ओल आणि उष्णता यांनी पंधरा वर्षांत तिची अशी दशा केली की भिंतींवर हिरवे शेवाळ दिसू लागले. १९६३मध्ये तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री आंद्रे माल्रो यांनी ती बंद केली. १९८३मध्ये जवळच तिच्या एका भागाची प्रतिकृती उभी राहिली, आणि डिसेंबर २०१६मध्ये टेकडीच्या पायथ्याशी त्याहून मोठी, लेझरने भिंतीचा उंचसखलपणा मोजून केलेली नवी प्रतिकृती खुली झाली. आम्ही पाहिली ती ही शेवटची.

हे कळल्यावर आई गाडीतून उतरायला तयार होईना. "नक्कल बघायला एवढे पैसे?" तिच्या बोलण्याला आधार होता. तिचे बालपण जळगावला गेले आणि अजिंठा तिने शाळेच्या सहलीत, नातेवाइकांबरोबर, लग्नानंतर अशा कितीतरी वेळा पाहिलेला आहे. त्या काळी पहारेकरी दाराशी आरसा धरून उन्हाचा कवडसा आत सोडत आणि त्या हलत्या उजेडात पद्मपाणीचा चेहरा उमटे, असे ती सांगते. खऱ्याची सवय असलेल्या माणसाला खोटे दाखवायला नेणे अवघड असते. दादा म्हणाला, "आई, आत गारवा आहे आणि बसायला बाक आहेत." या दोन गोष्टींवर ती उतरली. त्यांतली दुसरी खरी नव्हती.

आत शिरल्यावर प्रकाश इतका मंद होतो आणि हवा इतकी थंड होते की दोन-तीन मिनिटांत आपण काँक्रीटच्या इमारतीत आहोत हे विसरायला होते. पहिल्याच दालनात छताच्या वळणावर बैल आहेत आणि त्यांतला सर्वांत मोठा पाच मीटरहून लांब आहे. दगडाचा फुगवटा जिथे आहे तिथे चित्रकाराने पोट काढले आहे, खाच आहे तिथे पाठीची रेषा नेली आहे. पलीकडच्या बाजूचे पाय अंगापासून किंचित सुटे ठेवले आहेत, त्यामुळे जनावर वळते आहे असे वाटते. आमच्या मार्गदर्शक मुलीने सांगितलेली एक गोष्ट मला फार लक्षात राहिली. हे लोक मुख्यतः रेनडिअरची शिकार करून जगत होते, त्यांनी टाकलेल्या हाडांवरून ते दिसते, पण लास्कोत रेनडिअरचे म्हणता येईल असे एकच चित्र आहे. घोडे मात्र शेकड्यांनी आहेत. म्हणजे जे खाल्ले ते काढले नाही. माझ्या मुलीने यावर विचारले, "मग आपण पण वरणभाताचं चित्र कुठं काढतो?" मार्गदर्शक मुलीला हे वहिनीने भाषांतर करून सांगितल्यावर ती म्हणाली की तिच्या विद्यापीठातल्या बऱ्याच चर्चेपेक्षा हे बरे आहे.

आई मात्र पूर्ण वेळ काही बोलली नाही. बाहेर उन्हात आल्यावर तिने विचारले, "ज्या बाईनं आधीची नक्कल काढली, तिला किती वर्षं लागली?" १९८३च्या प्रतिकृतीची चित्रे मोनिक पेत्राल या चित्रकर्तीने खनिज रंग वापरून केली होती आणि त्यात तिच्या आयुष्याची अनेक वर्षे गेली, हे तिने आत ऐकले होते. "मग ती नक्कल कशी? तिनं पुन्हा काढलंय ते," असे म्हणून ती गाडीत बसली. जाताना तिने अजिंठ्याची दहाव्या लेण्यातली ती गोष्टही नातवंडांना सांगितली, की १८१९मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिथल्या खांबावर आपले नाव कोरून ठेवले आहे. राविदा आणि त्याच्या मित्रांनी तसे काही केले नाही याचे तिला कौतुक वाटले.

बुधवार, २८ मे

बुधवार हा सार्लाच्या आठवडी बाजाराचा दिवस. मोठा बाजार शनिवारी असतो, पण बुधवारचा आपल्याला पुरून उरतो. सार्लाचे जुने गाव पिवळसर, मधाच्या रंगाच्या दगडाचे आहे. १९६२मध्ये माल्रो यांच्याच पुढाकाराने ऐतिहासिक वस्त्या सबंध जपण्याचा कायदा झाला आणि त्याखाली ज्या गावांचे काम सर्वांत आधी हाती घेतले त्यांत सार्ला होते. नाहीतर आज जिथे पर्यटक छायाचित्रे काढतात तिथल्या बऱ्याच वाड्यांची तेव्हा पडझड चालली होती. चौकाजवळचे सेंत-मारी हे जुने चर्च आता मंडई आहे. त्याला बसवलेले दोन अवाढव्य धातूचे दरवाजे, सुमारे पंधरा मीटर उंचीचे, वास्तुकार झां नुव्हेल यांनी केले आहेत. नुव्हेल यांचे बालपण याच गावात गेले. दरवाजे मला आवडले, आईला ते गोदामाचे वाटले.

बाजारात बदक आणि हंस यांच्याशिवाय दुसरा विषय नाही असे पहिल्या पाच मिनिटांत वाटते. डबाबंद यकृत, चरबीत मुरवलेल्या तंगड्या, चरबीच्या बरण्या, आणि एका चौकात तर हंसांचे ब्राँझचे पुतळेच आहेत. शाकाहारी माणसाने इथे पुढे चालत राहावे, कारण पुढे पांढरे शतावरीचे कोंब, शेळीच्या दुधाच्या चीजच्या चपट्या चकत्या, अक्रोडाचे तेल आणि पेरिगॉरच्या स्ट्रॉबेरी आहेत. आमची फजिती मात्र जेवताना झाली. एका साध्या उपाहारगृहात आम्ही आईसाठी लसूण आणि पार्सली घातलेले सार्ला पद्धतीचे बटाटे मागवले, ते कुरकुरीत, सोनेरी आले, आईने दोन घास आवडीने खाल्ले, आणि त्याच वेळी वहिनीचा चेहरा पडला. हे बटाटे बदकाच्या किंवा हंसाच्या चरबीत परततात, ते त्यांचे वैशिष्ट्यच आहे, आणि इतकी वर्षे इथे राहून ती ते साफ विसरली होती. आईला सांगावे की नाही यावर टेबलाखालून बरीच खुणवाखुणवी झाली. शेवटी वहिनीनेच सांगितले. आईने चमचा ठेवला, थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिले आणि म्हणाली, "चव चांगली होती म्हणूनच मला शंका आली." मग तिने घरी येऊन तेच बटाटे अक्रोडाच्या तेलात करून पाहिले. ते तेल फार तापवले की कडवट होते हे आम्हाला ठाऊक नव्हते, त्यामुळे पहिली कढई फुकट गेली. दुसऱ्या वेळी बटाटे साध्या तेलात परतून वरून अक्रोडाचे तेल शिंपडले. ते निळ्या काठाच्या भांड्यातून मालकीणबाईंकडे रवाना झाले.

गुरुवार, २९ मे

आज येशूच्या स्वर्गारोहणाची सार्वजनिक सुट्टी होती. हा सण नेहमी गुरुवारीच येतो, त्यामुळे मधला शुक्रवारही रजा टाकून रविवारपर्यंतची सुट्टी जोडून घेण्याचा इथे रिवाज आहे, आणि त्याला फ्रेंच लोक 'पूल करणे' म्हणतात. निम्मा देश पूल करून दोर्दोन्यच्या काठी उतरला होता.

आम्ही दोन तुकड्या केल्या. दादा, नवरा आणि मुले सेनाकहून बेनाकपर्यंत नऊ किलोमीटर होडी वल्हवत गेली. त्यांच्याकडून कळले ते असे की पाणी शांत होते, नवऱ्याने दोनदा होडी काठाला लावली आणि दोन्ही वेळा ती मुद्दाम लावली असे सांगितले. या टप्प्यात ला रोक-गाजाक हे उभ्या कड्याला बिलगलेले गाव लागते. १९५७मध्ये त्या कड्याचा मोठा तुकडा कोसळून गावाचा काही भाग चिरडला गेला होता, तो फिकट व्रण अजून दिसतो. पुढे कास्तेलनो आणि बेनाक हे दोन किल्ले नदीच्या दोन बाजूंना एकमेकांवर डोळे रोखून उभे आहेत. शंभर वर्षांच्या युद्धात, म्हणजे १३३७ ते १४५३ या काळात, कास्तेलनो बराच काळ इंग्रजांच्या बाजूला आणि बेनाक फ्रेंचांकडे होता. इंग्रज इतक्या आत आले कसे, या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर एका लग्नात आहे. ११५२मध्ये आक्वितेनची डचेस एलेओनोर हिने पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या हेन्रीशी विवाह केला आणि हा सारा मुलूख तिच्याबरोबर गेला.

आई, वहिनी आणि मी मिलांदच्या वाड्यावर गेलो. तिथे जोसेफिन बेकर राहत असे. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये १९०६ साली गरिबीत जन्मलेली ही कृष्णवर्णीय नर्तकी पॅरिसमध्ये विलक्षण प्रसिद्ध झाली, महायुद्धात तिने फ्रेंच प्रतिकार चळवळीसाठी हेरगिरी केली, १९४७मध्ये हा वाडा विकत घेतला आणि निरनिराळ्या देशांतली, धर्मांतली बारा मुले दत्तक घेऊन इथे वाढवली. पुढे कर्ज इतके वाढले की वाडा विकला गेला आणि १९६९मध्ये तिला बाहेर काढण्यात आले. स्वयंपाकघराच्या पायरीवर घोंगडी गुंडाळून बसलेली, डोक्याला टोपी घातलेली अशी तिची छायाचित्रातली मूर्ती पाहून आई बराच वेळ तिथून हलली नाही. जोसेफिनच्या गाजलेल्या नृत्यातल्या केळ्यांच्या घागऱ्याजवळून मात्र आई दोन सेकंदांत पुढे गेली होती. "बारा पोरांची शाळा, दप्तरं, दुखणी," ती म्हणाली, "आणि वर नाचायला जायचं." २०२१मध्ये फ्रान्सने जोसेफिनला पॅरिसच्या पांतेओंमध्ये, म्हणजे राष्ट्राच्या थोर व्यक्तींच्या स्मारकात, मानाचे स्थान दिले हे वहिनीने सांगितले. आईने मान डोलावली, पण तिचे लक्ष त्या पायरीकडेच होते. आम्ही निघताना ती पायरी तिने प्रत्यक्ष जाऊन पाहिली.

शुक्रवार, ३० मे

आजचा दिवस इतका तापला की आईला जळगावची आठवण झाली. अशा दिवशी जायला रूफिन्याकची गुहा उत्तम, कारण आत तेरा अंश तापमान असते आणि चालावे लागत नाही. छोट्या विजेच्या आगगाडीत बसून डोंगराच्या पोटात सुमारे एक किलोमीटर जायचे असते. ही गुहा अस्सल आहे, नक्कल नाही. भिंतींवर दीडशेहून अधिक मॅमथ आहेत, रंग न भरता काळ्या रेषेत काढलेले किंवा भिंतीत कोरलेले. त्याआधीही इथे गुहेतल्या अस्वलांची वस्ती होती. त्यांनी शीतनिद्रेसाठी खोदलेले गोल खड्डे आणि भिंतींवर नख्यांनी ओढलेल्या रेघा गाडीतून दिसतात. मधल्या काही शतकांत आलेल्या लोकांनी मशालीच्या काजळीने छतावर आपली नावेही लिहिली आहेत. आई म्हणाली, "आले जॉन स्मिथ."

गाडी शेवटी एका छताखाली थांबते. तिथे साठाहून अधिक प्राणी एकमेकांत गुंतलेले आहेत. आता आपण तिथे सरळ उभे राहतो, कारण जमीन अलीकडे खाली खोदलेली आहे. ज्याने ती चित्रे काढली त्याला मात्र छताखाली आडवे होऊन काढावी लागली, म्हणजे आपण काढतो आहोत तो घोडा त्याला एका वेळी पूर्ण दिसतही नव्हता. हाताच्या आठवणीवर काढलेली ती रेष कुठेही डगमगलेली नाही. मुलीला शाळेत चित्रकलेच्या शिक्षिका कागद लांब धरून बघायला सांगतात, त्यामुळे ती फार वेळ वर बघत उभी राहिली. गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा तिला हाताला धरून आणावे लागले.

मंगळवारची नक्कल चांगली की आजचे खरे, यावर परतताना गाडीत वाद झाला. नवरा खऱ्याच्या बाजूने, दादा नकलेच्या. आईला विचारले तर तिला झोप लागली होती किंवा तिने तसे दाखवले. संध्याकाळी भांडे परत आले होते, वाफाळत्या लिंबाच्या केकसह, आणि सोबत एक चिठ्ठी होती. तीत मालकीणबाईंनी चटणीची कृती मागितली होती. वहिनीने ती फ्रेंचमध्ये लिहून दिली. 'बेताचे तिखट' याचे भाषांतर तिने अर्धा चमचा असे केले, आईने ते खोडून दीड करायला लावले.

शनिवार, ३१ मे

दहा वाजता घर सोडायचे होते. जीतमध्ये जाताना घर आपणच झाडून, भांडी घासून, कचरा वेगवेगळा करून द्यायचा असतो, आणि आईने ते इतके मनावर घेतले की ओटा, चूल आणि आमच्या आधीच्या पाहुण्यांचे चुलीमागचे डागसुद्धा निघाले. केकचे भांडे धुऊन ठेवले होते आणि त्यात घालायला तिने शेवटच्या रव्याचे लाडू वळले होते. ते तिने मालकीणबाईंना दिले, दोघींनी एकमेकींचे हात बराच वेळ धरून ठेवले, आणि प्रकरण बरोबरीत सुटले असे आम्हाला वाटले.

गाडी सुरू झाल्यावर मालकीणबाई हात वर करून बागेतून धावत आल्या. निळ्या काठाचे तेच भांडे त्यांनी खिडकीतून आईच्या मांडीवर ठेवले. त्यात काठोकाठ सोललेले अक्रोड होते आणि एकही गर तुटलेला नव्हता.

भांडे सध्या तुलूझला दादाच्या स्वयंपाकघरात आहे. ऑक्टोबरमध्ये अक्रोड उतरवायला या, असे मालकीणबाईंनी त्यांना सांगितले आहे आणि त्याच सुमारास आमच्याकडे दिवाळी येते. भांड्यात चकल्या द्याव्यात असे दादाचे म्हणणे आहे, पण दोनशे किलोमीटरच्या त्या वळणांच्या रस्त्यावर चकल्यांचा चुरा होईल अशी आईला खात्री आहे, आणि चिवडा दिला तर तो आधीच चुरा असल्यामुळे पाहुणचारात बसत नाही. शंकरपाळ्यांवर अजून एकमत झालेले नाही.